तंबू हलवायचा नाही

१६ डिसेंबर

हवामान खात्यास,

सुटले एकदाची! आज दुपारी शाळेला सुट्टी लागली. शेवटच्या तासाला नववीच्या मुलींनी विचारलं, "मॅडम, सुट्टीत काय करणार?" मी भारदस्त चेहरा करून म्हटलं, "वाचन." तर मागच्या बाकावरून आवाज आला, "वाचनानं अंगठ्याला घट्टे पडतात का हो मॅडम?" वर्ग फुटला हसून. आता सांग, असल्या पोरींना काय शिकवायचं?

घरी आले, चहा केला, पाय सोफ्यावर घेतले आणि कन्सोलवर आपला डोंगराचा गेम लावला. तुझा गडी होता तिथेच आहे. तंबूच्या तोंडाशी बसलाय, हात चोळतोय, मधूनच तोंडातून वाफ सोडतोय. पडद्यावरची माझी बाई उठली, दोघांच्या कमरेची दोरी सोडली आणि तलावावर मासे धरायला गेली. गेम म्हणतो, सोबती नसेल तरी चालेल, तंबू आवर आणि चल वर, तो येईल निमूट मागून. पण आपलं ठरलंय ना? गेम परवानगी देतो, आपण देत नाही. दोघं हजर असल्याशिवाय तंबू हलवायचा नाही. तू वर गेल्यापासून मी तलाव, झाडी आणि ती कोल्ह्याची बिळं, एवढ्यातच फिरतेय. सुळका समोर दिसतो. एक शेवटचा मुक्काम राहिलाय रे, आणि मी लाकडं फोडत बसलेय.

इकडे सगळं छान. आईंचा गुडघाही बरा आहे. तुझ्या कपाटाच्या खालच्या खणात अजून वह्यांचे गठ्ठेच आहेत, तू आलास की काढीन. आमची काळजी करू नकोस, आमचं दोघींचं मस्त चाललंय.

येतोयस ना महिनाअखेरीला? कंट्रोलर चार्ज करून ठेवू?

— मास्तरीण

२१ डिसेंबर

मास्तरीणबाईंना सलाम,

तुझं पत्र जीपवाल्यानं लोण्याच्या डब्यात घालून आणलं, त्यामुळे ते वाचायला मऊ लागलं. हा विनोद आचाऱ्याचा आहे, मी फक्त पोचवला.

माझी गंमत बघ. खऱ्या बर्फात बसून तुझ्या खोट्या बर्फाची वर्णनं वाचतोय. सकाळी उठायचं, दाराबाहेरचा बर्फ फावड्यानं ओढायचा, काठीवर बर्फाची खोली बघायची, वारा मोजायचं चक्र गोठलं असेल तर गरम पाणी घेऊन शिडी चढायची, आकडे खाली पाठवायचे. इथे फोन लागत नाही आणि यंत्रावरून आकडेच जातात, नाहीतर एखाद्या दिवशी तुलाही दोन ओळी पाठवल्या असत्या. बाकी वेळ शेगडीवर मोजे वाळवणं आणि आचाऱ्याचं घोरणं ऐकणं. तो जागेपणीही घोरतो, देवाशप्पथ.

माझा गडी बिचारा अजून हातच चोळतोय? त्याला एकदा उठव तरी. माझ्या नावानं तलावाला एक फेरी मार.

येण्याचं बघू. खालचा रस्ता कधी बंद, कधी चालू. साहेब आले की विचारतो. तुमचं दोघींचं मस्त चाललंय हे वाचून बरं वाटलं. खण राहू दे, वह्या काढू नकोस उगाच.

— तुझं हवामान खातं (अंदाज: ढगाळ)

२६ डिसेंबर

अरे खात्या,

बातमी ऐक. बसलायस ना? तुझी आई गेम खेळायला लागली!

झालं असं. माझी सुट्टी म्हणजे काय, तुला माहीत आहे. सकाळची कामं उरकली की जेवणापर्यंत मासे, जेवल्यावर मशरूम, संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याशी लोकरीचा सौदा. आई आपल्या खुर्चीत विणत बसतात आणि अधूनमधून म्हणतात, "खुटखुट, खुटखुट. सुट्टी आहे की शिक्षा?" परवा मात्र सुया थांबल्या. म्हणाल्या, "हा कोण बसलाय बर्फात?" मी म्हटलं, "तो तुमचा मुलगा." बस्स! "आणि तू त्याला बाहेर बसवून मासे मारतेयस? बाई गं, तंबू दोन पावलांवर आहे!"

मी समजावलं की त्याला थंडी वाजत नाही, तो चित्रातला आहे. त्या म्हणाल्या, "वाजत नाही तर हात कशाला चोळतो?" यावर उत्तर असेल तर तूच कळव.

मग तुझा कंट्रोलर घेतला, चष्मा लावला आणि तुझ्या गड्याला आत न्यायला निघाल्या. तो आधी झाडावर आपटला. मग तलावात पडला. मग माझ्या बाईच्या अंगावर चढून उभा राहिला. पण हट्ट सोडला नाही, आणला तंबूत आणि निजवला. वर मला विचारतात, "पांघरूण घालायचं बटण कुठलं?" हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

आता रोज दुपारी त्यांची पाळी असते. कोल्ह्याला "शुक शुक" करतात. चढ आला की स्वतःच खुर्चीत पुढे वाकतात. शेजारीण आली की मात्र कंट्रोलर लोकरीखाली जातो.

तेव्हा आमची अगदी मजा आहे. तू सावकाश ये, घाई नको. पण ये. महिनाअखेर म्हणजे आता आलीच की.

— मास्तरीण

३१ डिसेंबर

मास्तरीणबाई,

आईचं वाचून आम्ही दोघंही खूप हसलो. आचारी म्हणतो, या बाईंना इथे पाठवा, आम्हालाही कुणी पांघरूण घालत नाही.

आता मुद्द्याचं. या सुट्टीत येणं जमेलसं दिसत नाही. रस्त्याचा भरवसा नाही, माणसं कमी आहेत, एक ना दोन. रागावू नकोस. तुझी सुट्टी संपत येईल आणि त्या तलावात आता मासे तरी किती उरले असतील? मला वाटतं, तू एकटीनं पुढे जावंस. खरंच सांगतो. हलव तंबू. गड्याला घे मागून, तो काही तक्रार करणार नाही. सुळका बघून ये आणि मला लिही कसा दिसतो. आई आहेच सोबतीला. तुमचं दोघींचं इतकं छान जमलंय, मी मध्ये कशाला?

इकडे आज आकाश इतकं स्वच्छ होतं की खालच्या गावाची छपरं दिसली.

— ह. खा.

५ जानेवारी

माझ्या बाळा,

अक्षर लागत नसेल तर आचाऱ्याकडून वाचून घेऊ नकोस, हे तुझ्यापुरतं आहे. सूनबाईला माहीत नाही मी लिहितेय ते.

तुझं पत्र तिनं मला वाचून दाखवलं, पण मधलं गाळून. मी काय आज ओळखते तिला? वाचता वाचता चष्मा पुसायला आत गेली, आणि तिला चष्माच नाही.

तू "जमेलसं दिसत नाही" म्हणालास म्हणजे तू आधीच कुणालातरी हो म्हणून बसलायस. लहानपणी सहलीला जायचं नसलं की असाच "बघू" म्हणायचास आणि पाटीमागे तोंड लपवायचास. काय केलंयस ते तुझं तुला माहीत. पण मी काय केलं ते ऐक.

काल ती बाजारात गेली होती. मी तो तुमच्या खेळाचा डबा लावला. तुझा गडी तंबूत, तिची बाई तंबूत, बाहेर वारा सुटलेला. आणि समोर तो सुळका. मला एकदम राग आला बघ. काय ठेवलंय तिथे वर? तू तिकडेही डोंगरावर, इकडेही डोंगरावर. मी तंबू गुंडाळायचं बटण दाबलं आणि तुला घेऊन खाली निघाले.

सोपं नव्हतं रे. दोनदा घसरले. पुलावर तर डोळेच मिटले. पण उतारावर तो डबा फारसं काही विचारत नाही. तुझी बायको मागून निमूट येत होती, आयुष्यात पहिल्यांदाच. आलो आम्ही थेट खालच्या गावात, जिथे ते पहिलं घर आहे आणि चूल पेटलेली असते. तुला दारात बसवलं. तिथे तू हात चोळत नाहीस. मी बराच वेळ बघितलं.

नंतर परत वर जायला लागले तर वाट बर्फानं बंद झालेली. आता ती मला काय म्हणेल कुणास ठाऊक. म्हणू दे. मला माझं पोर घरी पाहिजे. हे मी तुला कधी बोलले नव्हते, बोलायला हवं होतं.

गुडघा बरा नाही. ती तुला बरा म्हणून लिहिते.

— आई

६ जानेवारी

आज मायना नाही. रागात आहे.

काल संध्याकाळी कन्सोल लावला तर डोंगर गायब. आपण पहिल्या गावात! दोन वर्षं चढलेलं सगळं पाण्यात. तो तुटका पूल आठवतो? तू "आत्ता उडी मार" म्हणालास, मी मारली आणि तू हलायलाच विसरलास, दोघं दरीत. त्यावरून आपण अख्खा रविवार भांडलो होतो. ते सगळं परत. मी आईंकडे पाहिलं. त्या विणकामाकडे बघत म्हणाल्या, "थंडी होती." बस, एवढंच.

मी ओरडले असते. तोंड उघडलंही होतं. पण खरं सांगू? राग त्यांच्यावर नाहीच आला. त्यांनी निदान तुला खाली तरी आणलं. तू मला काय लिहितोस? "हलव तंबू." अरे, तुझ्या लक्षात येतंय का तू काय म्हणालास? तलावातले मासे संपले म्हणून मी तिथे बसले होते का? मी मासे धरायला बसले नव्हते. मी तुझी वाट बघत बसले होते, आणि वाट बघताना हाताला काहीतरी काम लागतं म्हणून मासे.

आपल्यात नियम होता. दोघं असल्याशिवाय नाही. आता स्पष्ट सांग. तू तिकडे तंबू हलवलायस का, मला न विचारता?

— मी

११ जानेवारी

तुझं आणि आईचं पत्र एकाच जीपनं आलं. आधी आईचं वाचलं, मग तुझं, आणि मग बाहेर जाऊन नको तेवढा बर्फ ओढला.

हो. हलवला. नोव्हेंबरातच साहेबांनी विचारलं होतं, आणखी एक वर्ष राहतोस का. मी हो म्हणालो. विचार करून सांगतो असंही म्हणालो नाही, सरळ हो. पुढच्या महिन्यात वरून तसा हुकूम निघेल.

का म्हणालो ते लिहितो, चिडू नकोस, किंवा चिड. मागच्या वेळी घरी आलो होतो तेव्हा मी सकाळी चहा करायला गेलो आणि मला साखर सापडेना. तू आणि आई दोघी एकदम म्हणालात, "तू बस, आम्ही करतो." माझ्या खुर्चीत लोकरीची पिशवी. माझ्या खणात वह्या. तुमच्या दोघींच्या हसण्याच्या गोष्टी, ज्या मला समजावून सांगाव्या लागत होत्या. कुणीच काही वाईट वागलं नाही, उलट पाहुण्यासारखी सरबराई केलीत. तेच लागलं. आणि मग तुझी पत्रं, तेव्हाची आणि आताचीही. इकडे सगळं छान. काळजी करू नकोस. सावकाश ये, घाई नको. मी ती पत्रं जशी लिहिलीस तशीच वाचली. इथे निदान मी चक्र पुसलं नाही तर खालच्या लोकांना वारा कळत नाही. मला वाटलं, जिथे आपल्यावाचून अडतं तिथे राहावं.

आई लिहिते की गुडघा बरा नाही. आणि तू चष्मा पुसायला आत गेलीस म्हणे. तुला कधीपासून चष्मा लागला?

१५ जानेवारी

ऐक,

शाळा सुरू झाली. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून लिहितेय, समोर चित्रकलेचे सर डबा खातायत आणि मी रडतेय हे त्यांना दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड केलंय.

छान चाललेलं नाही. एकदाही चाललं नव्हतं. तुला वर काळजी नको म्हणून लिहायचे. मला वाटायचं, शहाण्या बायका असंच लिहितात. अरे वेड्या, तू बर्फात एकटा, आणि मी तुला कळवू की आई जिना धरून धरून चढतात? की मी रविवारी दोन कप चहा टाकते आणि मग एक ओतून देते? की आई खेळायला लागेपर्यंत तुझा कंट्रोलर दर आठवड्याला चार्ज करायचे, न वापरता? साखर मी डब्यातून बरणीत काढली होती, एवढंच झालं होतं रे. विचारलं असतंस तर दाखवली असती. आणि खणात वह्या ठेवल्या कारण रिकामा खण मला उघडवत नव्हता.

अडतं. तुझ्यावाचून अडतं. बघ, लिहिलं. लिहायला इतकं सोपं होतं आणि मी मासे धरत बसले.

घरी ये. सुट्टीला नाही म्हणत मी. घरी ये.

तास झाला. नववी वाट बघतेय.

२० जानेवारी

आज साहेब जीपमधून वर आले होते. मी सांगितलं, ते एक वर्ष नको. बदली माणूस मिळेपर्यंत थांबतो, फार तर मार्चअखेर, पण तोवर मला थोडे दिवस आत्ताच खाली सोडा. ते वैतागले. वहीत पेन टेकवून म्हणाले, "अरे, पण कारण काय लिहू?"

मी म्हटलं, "लिहा, घरी बोलावलंय."

त्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं, पण लिहिलं.

पुढच्या जीपनं निघतोय. साखर कुठे आहे ते दाखव. चहा मी करणार.

१० फेब्रुवारी

माझ्या माणसा,

पोचलास ना वर? तू गेलास त्या दिवशी आई दारातून आत येईनात. मी पण तिथेच उभी होते, तर मला म्हणतात, "तू कशाला उभी आहेस थंडीत? आत जा." म्हणजे त्यांनी उभं राहिलेलं चालतं!

काल रविवार. सवयीनं पाय सोफ्यावर घेतले, कन्सोलवरचं फडकं काढलं आणि थबकलेच. फडक्यावर धूळ होती. तुझ्या लक्षात आलं का? तू इतके दिवस घरी होतास आणि आपण एकदाही खेळलो नाही. एकदाही! इतके महिने मी त्या तंबूपाशी बसून होते, दोघं मिळून सुळका चढायचा म्हणून. आणि तू आलास तर तुझा दिवस आईला डॉक्टरकडे नेण्यात, जिन्याला नवा कठडा बसवण्यात आणि साखर चुकीच्या बरणीत भरण्यात गेला. आणि माझा तुझ्या मागे मागे फिरण्यात. कन्सोलकडे लक्षच गेलं नाही दोघांचंही.

आईंना मात्र ते लागलंय. "मी एवढा जीव मुठीत धरून खाली आणलं तुम्हाला, आणि तुम्ही साधं बघितलं पण नाहीत."

मग काल आम्ही दोघींनी लावला. तू पहिल्या घराच्या दारात बसलायस. चूल चालू आहे. खरंच हात चोळत नाहीस, आई म्हणाल्या ते बरोबर आहे. मी तुझ्या शेजारी माझ्या बाईला बसवलं आणि कंट्रोलर खाली ठेवला. मासे नाहीत, मशरूम नाहीत, काही नाही. नुसत्या बघत बसलो.

थोड्या वेळानं आई म्हणाल्या, "तो आला की पहिल्यापासून चढणार ना तुम्ही? मलाही घ्या."

मी म्हटलं, "आई, दोरी दोघांचीच असते."

"मग मी तंबूत बसेन," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं वरून याल तेव्हा कुणीतरी तंबूत नको का?"

इकडे छान नाही, हे लक्षात ठेव. गुडघा दुखतो, खण रिकामा आहे, त्यात मी काही ठेवलेलं नाही. रात्री जेवताना तीन ताटं घेते आणि एक परत ठेवते. मार्च फार लांब आहे.

ये लवकर.

— तुझी